पंपाला घाबरायचं की पुडीला?

हळदीची आवक सुरू झाली की आमच्या दुकानात खोकल्याची गिऱ्हाइकं वाढतात. हळद पॉलिश होताना उडणारी पिवळी धूळ, तासगावच्या बाजूला बेदाण्याला दिलेली गंधकाची धुरी आणि ऊस गेला की रानोरान पेटवलेलं पाचट. छाती भरायला सांगलीकराला एवढं पुरेसं आहे. त्यात यंदा एका मेसेजची भर पडली. गल्लीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला, आणि परवा तर तो वाचून एक काकू चिठ्ठी घेऊन काउंटरला आल्या. म्हणाल्या, "ह्यातला पंप तेवढा काढा. गोळ्या असू देत."

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: 'सावधान! इन्हेलर हा दम्याचा शेवटचा उपाय आहे. एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही. त्यात स्टेरॉइड असतं, मुलांची उंची खुंटते. परदेशात पंपाने हजारो लोक मेले, पण कंपन्यांनी ते अभ्यास दाबून ठेवले. आपल्याकडचा अडुळसा आणि आलं-मध ४० दिवसांत दमा मुळासकट काढतो. पुढे पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल.'

मी डॉक्टर नाही. फार्मसी शिकून काउंटरमागे उभा राहिलेला माणूस आहे, आणि पंप विकतो. तेव्हा हा पंपाचीच बाजू घेणार, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक नाही. फक्त एक हिशेब सांगून ठेवतो. पंप नीट घेणारं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं. पंप टाळणारं गिऱ्हाईक सिरप, गोळ्या, अँटिबायोटिक, मग नेब्युलायझरची औषधं असं करत आठवड्याला येतं. माझा गल्ला कुणावर भरतो ते तुम्हीच बघा.

'शेवटचा उपाय' या शब्दांपासून सुरुवात करू. दम लागला की लगेच आराम देणाऱ्या निळ्या पंपातलं औषध, सालब्युटामॉल, गोळीतही मिळतं. नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. एका गोळीत ४० दाबांचं औषध! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून साऱ्या अंगात फिरते. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि श्वासनळीपर्यंत पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. पंपाचं औषध काही मिनिटांत काम करतं. मग यातलं 'हलकं' औषध कुठलं आणि 'भारी' कुठलं? आपल्याकडे हा समज कसा पडला ते मला कळतं. पूर्वी माणूस मिरजेला दवाखान्यात ॲडमिट झाला की मगच त्याच्या हातात पंप यायचा. त्यामुळे पंप दिसला की घरच्यांना ऑक्सिजनचा सिलिंडर आठवतो. पण दाबून मारायचा पंप अमेरिकेतल्या रायकर कंपनीने १९५६ मध्येच बाजारात आणला. त्याची कल्पनाही त्या कंपनीच्या प्रमुखाच्या दमा असलेल्या मुलीमुळे सुचली. औषध सेंटच्या स्प्रेसारखं का देता येत नाही, असं तिने विचारलं होतं. आज जगभरच्या दमा-मार्गदर्शनात पंप पहिल्या पायरीवर आहे, शेवटच्या नाही.

सवयीचं म्हणाल तर, पंपाची नशा लागत नाही. दमा म्हणजे श्वासनळीच्या आतल्या अस्तराला कायमची सूज. सूज दाबणारं औषध बंद केलं की ती परत येते. आजार राहिला म्हणून औषध लागतं, औषधाने आजार धरून ठेवलेला नसतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या ३०,००० हून अधिक दमेकऱ्यांच्या औषधांच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास आला. वर्षभरात सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपाचा प्रत्येक जास्तीचा डबा संपवला, की दम्याने मरण्याचं प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी दिसलं. आणि ज्यांनी तो पंप बंद केला, त्यांच्यात पुढच्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. 'सवय लागेल' म्हणून पंप सोडणारा माणूस नेमका याच तीन महिन्यांत शिरतो.

आता स्टेरॉइड. या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे मेसेजमध्ये सत्याचा कण आहे आणि तोच जास्त घात करतो.

उंचीवर परिणाम होतो का? होतो. अमेरिकेत ५ ते १२ वयाच्या १,०४१ मुलांवर काही वर्षं चाललेली एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टेरॉइड दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम दिलं. ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा मोजली आणि २०१२ साली आकडा छापून आला: तुलनेसाठी औषध नसलेला पंप दिलेल्या मुलांपेक्षा उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी. हा फरक पहिल्या दोन वर्षांतच पडला, पुढे वाढत गेला नाही. एक बोटभरही नाही. ज्या आईबापांना हे सव्वा सेंटिमीटर नको असेल त्यांनी डॉक्टरशी जरूर बोलावं, डोस कमीत कमी ठेवायला सांगावा. तो त्यांचा हक्क आहे. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रात्र-रात्र बसून काढणारं, शाळा बुडवणारं पोर आहे, ते मेसेजने दाखवलं नाही. मोठा डोस वर्षानुवर्षं घेतला तर कातडी पातळ होणं, मोतीबिंदू, हाडं विरळ होणं हेही होऊ शकतं. तोंडात पांढरी बुरशी आणि आवाज बसणं तर नेहमीचंच. त्यासाठी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायचं असतं. हे मी प्रत्येकाला सांगतो, आणि निम्मे जण ऐकत नाहीत.

पण काकूंनी 'असू देत' म्हटलेल्या गोळ्यांत काय होतं? प्रेडनिसोलोन, तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड! दमा उसळला की डॉक्टर ते दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. ब्युडेसोनाइड वेगळं, त्याची ताकद जास्त, त्यामुळे वजनाला वजन लावता येत नाही. तरी अंगभर फिरणारं स्टेरॉइड कुठल्या बाजूला जास्त हे सांगायला गणित लागत नाही. अटॅकमध्ये चार-पाच दिवसांचा तो कोर्स जीव वाचवतो, त्याला नावं ठेवत नाही. खरी भीती पुडीची. बिनचिठ्ठीच्या चार रंगीत गोळ्या कागदात बांधून मिळतात, नाव कशावरच नाही. दोन दिवसांत दम मोकळा होतो, भूक वाढते, माणूस खूश. सहा महिन्यांनी तोंड चंद्रासारखं गोल, साखर वाढलेली. 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या भुकटीतही स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. ज्या भीतीने पंप सोडला, तीच चीज माणूस कितीतरी पटीने गिळत असतो, तीही न मोजता.

'परदेशात पंपाने लोक मेले' हे वाक्य वाचून मी चमकलो, कारण ते साफ खोटं नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये आयसोप्रेनालिनचा जोरदार डोसचा पंप खपू लागला आणि दम्याचे मृत्यू वाढले. पुढे १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉलच्या पंपाबाबत तेच झालं. १९८९ मध्ये संशोधकांनी ते दाखवून दिलं, औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू घटले. पण ही दोन्ही औषधं आराम देणारी होती, सूज कमी करणारी नव्हती. दम लागला की पंप, परत दम लागला की परत पंप, आणि आत सूज तशीच. यातून २०१९ मध्ये जागतिक दमा मार्गदर्शनाने निकाल दिला: नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर दमा सांभाळायचा नाही, सोबत सूज कमी करणारं औषध हवंच. त्याच्या आदल्या वर्षी सौम्य दमा असलेल्या ३,८४९ जणांची चाचणी छापून आली होती. ब्युडेसोनाइड आणि श्वासनळी मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल यांचा एकत्र पंप फक्त त्रास होईल तेव्हा घेणाऱ्यांमध्ये, नुसता आरामाचा पंप घेणाऱ्यांपेक्षा गंभीर अटॅक ६४ टक्क्यांनी कमी झाले. आणि स्टेरॉइड लागलं ते रोज घेणाऱ्यांच्या सहाव्या हिश्श्याएवढं.

म्हणून माझी तक्रार निळ्या पंपाशी आहे, पंप या वस्तूशी नाही. आमच्याकडे लोक चिठ्ठी दाखवत नाहीत, नुसतं "निळा द्या" म्हणतात, आणि आम्ही मेडिकलवाले देतो. यात आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४२ टक्के भारतात, असा अंदाज आहे. आपल्याकडे पंप जास्त झाला म्हणून हे घडतंय असं म्हणायला आधी आपल्याकडे पंप पोचायला तरी हवा.

कंपन्यांनी अभ्यास दाबल्याचा आरोप वाचून हसू आलं. कंपन्या साधूसंत नाहीत. पण सालमेटेरॉल या श्वासनळी बराच वेळ मोकळी ठेवणाऱ्या औषधावरच्या २६,००० हून अधिक लोकांच्या चाचणीत औषधाच्या बाजूला दम्याने १३ मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला ३, हे कुठून कळलं? औषध बनवणाऱ्या कंपनीनेच चालवलेल्या चाचणीतून. अमेरिकेत डब्यावर ठळक इशारा छापावा लागला. त्याच कंपनीची २००७ ची दुसरी चाचणी धुराने खराब झालेल्या फुप्फुसांच्या रुग्णांवर होती. औषध नसलेला पंप घेणाऱ्यांत मृत्यू १५.२ टक्के, तर सालमेटेरॉल आणि स्टेरॉइडच्या एकत्र पंपावर १२.६ टक्के; पण आकडेशास्त्राच्या चाळणीत ते थोडक्यात अडकलं, म्हणजे फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. शिवाय स्टेरॉइडवाल्या गटात न्यूमोनिया जास्त निघाला. दोन्ही गोष्टी छापून आल्या.

ही धुराची फुप्फुसं म्हणजे सीओपीडी. मेसेज लिहिणाऱ्याने दमा आणि सीओपीडी एकाच पोत्यात भरलेत. जतच्या एखाद्या आजीने जन्मात विडी ओढली नसेल, पण ४० वर्षं चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला असेल तर तिलाही हा आजार होतो. त्यात पंप फुप्फुसं पुन्हा नवी करत नाही. श्वासनळी मोकळी ठेवणाऱ्या टायोट्रोपियम या पंपातल्या औषधाच्या चार वर्षांच्या, जवळजवळ ६,००० रुग्णांच्या चाचणीत फुप्फुसांची घसरण थांबली नाही, पण अटॅक कमी झाले. दवाखान्यात जाणारी आजी घरात राहिली, एवढाच नफा. तोही कमी नाही.

अडुळशाबद्दल मला राग नाही. बांधावरच्या त्याच अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन हे औषध बनलं, जे आज बऱ्याच कफ सिरपांत आहे. कफ पातळ करायला ठीक. श्वासनळीची सूज मात्र त्याने जात नाही, ना ४० दिवसांत ना कोजागिरीच्या खिरीत. गंमत अशी की ओढून घ्यायचं औषध परदेशी म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढायची आपली जुनी पद्धत १८०२ मध्ये मद्रासहून इंग्लंडला गेली. धोतऱ्यातल्या ॲट्रोपिनच्या घराण्यातलंच टायोट्रोपियम. धोतरा विषारी आहे, घरी कुणी प्रयोग करू नये; मात्रा मोजता यावी म्हणून तर पंप आला.

काकूंना मी स्टूल दिला आणि औषध नसलेला डेमो पंप हातात ठेवला. पूर्ण श्वास सोडा, ओठ घट्ट मिटा, दाबताना हळू ओढा, श्वास रोखून दहा आकडे मोजा. पहिल्या वेळी सगळा धूर नाकासमोरून वर गेला. मी स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, लावून दिला. तिसऱ्या वेळी जमलं. मग त्यांनी पिशवीतून मागच्या महिन्यात दुसरीकडून आणलेली कॅप्सूलची डबी काढली. ओढायच्या कॅप्सूल. "ह्या पाण्याबरोबर घेतल्या ओ, काहीच फरक पडला नाही," म्हणाल्या.