पूररेषा नको, खोली सांगा

दर पावसाळ्यात कोल्हापुरात एकच आकडा विचारला जातो: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली आणि २०२१ला पुन्हा तितकीच चढली. मी नेदरलँड्समध्ये राहतो, पण जुलै लागला की सकाळी आधी तो आकडा बघतो.

पाणी उतरलं की दुसरा वाद सुरू होतो, पूररेषेचा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. कुणाचा प्लॉट रेषेत अडकला, कुणाचा सुटला, रेषा कुणासाठी सरकली यावर निवेदनं निघतात, बैठका होतात. हा राग मला समजतो. आयुष्याची कमाई घातलेली जागा एका रेघेपायी अडकते, तेव्हा माणूस भांडणारच. पण रेषा फक्त आत की बाहेर एवढंच सांगते. शाहूपुरीतल्या एखाद्या घरात पाणी उंबऱ्याला लागून थांबेल की पहिल्या मजल्याला टेकेल, हे ती सांगू शकत नाही. ते सांगणारा नकाशा वेगळा असतो आणि कोल्हापूरकरांनी आता तो मागायला हवा.

तो नकाशा चौकोनी जाळीचा. जमिनीचे सारखे चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात जमिनीची उंची लिहायची. दुसऱ्या जाळीत पुराच्या पाण्याची पातळी. नदी वाहते तशी पातळीही उतरत जाते, म्हणून तीही चौकोनागणिक घ्यायची. दुसरीतून पहिली वजा केली की प्रत्येक चौकोनात पाण्याची खोली मिळते. नकाशांची बेरीज-वजाबाकी म्हणतात ती हीच.

ही कल्पना साठ वर्षांची आहे. हॉवर्ड फिशर या वास्तुरचनाकाराने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिमॅप’ हा संगणकाने नकाशे छापणारा प्रोग्राम आखला आणि १९६५ला हार्वर्डमध्ये संगणक-आलेखनाची प्रयोगशाळा उभी केली. तेव्हा नकाशा छापायला ओळी छापणारा प्रिंटरच हाताशी होता, म्हणून गडद छटा हवी असेल तर एकाच जागी अक्षरांवर अक्षरं ठोकायची. अक्षर रुंदीला कमी, उंचीला जास्त. त्यामुळे नकाशातला चौकोनही लांबट आयतच निघायचा. त्याच प्रयोगशाळेत डेव्हिड सिंटन यांनी ‘ग्रिड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. पुढे डॅना टॉमलिन यांनी १९८०च्या दशकात या कामाला व्याकरण दिलं: एकाच चौकोनापुरती क्रिया, शेजारच्या चौकोनांना धरून केलेली क्रिया, एका पूर्ण पट्ट्यावरची क्रिया. आजही जगभर हीच रीत चालते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘ग्रास’ या नकाशांचा असा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास. अमेरिकन लष्कराला आपल्या तळांच्या जमिनीची निगा राखायची होती, म्हणून इलिनॉयमधल्या लष्करी संशोधन प्रयोगशाळेत १९८२ला हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. सरकारी पैशाने झालेलं काम म्हणून ते सगळ्यांना खुलं होतं. लष्कराने १९९०च्या दशकात हात काढून घेतला, तेव्हा विद्यापीठातल्या लोकांनी ते उचललं आणि १९९९पासून ते मुक्त परवान्याखाली आहे. इथल्या उट्रेख्ट विद्यापीठाचं ‘पीसीरास्टर’ आणि एन्सखेडेच्या आयटीसी संस्थेचं ‘इल्विस’ही मोफत मिळतं. याच आयटीसीच्या सहकार्याने १९६६ला डेहराडूनला हवाई छायाचित्रं वाचायला शिकवणारी संस्था सुरू झाली, आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था (आयआयआरएस). म्हणजे विद्या आपल्याकडे केव्हाच आली आहे. शिवाजी विद्यापीठातला भूगोलाचा विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर हे सगळं आज चालवू शकतो.

मग अडतं कुठे? जमिनीच्या उंचीवर. जगभर फुकट मिळणारी आणि खूप वापरली जाणारी उंची २०००च्या फेब्रुवारीतल्या अवकाशयानाच्या रडार-मोजणीची, ३० मीटरच्या चौकोनांची, आणि तिच्यात काही मीटरची चूक सहज असते. शिवाय झाडांचे, इमारतींचे माथेही तिच्यात मिसळलेले. आपल्या इशाऱ्यात आणि धोक्यात अंतर आहे ४ फुटांचं. अशा मापाने दुधाळीतल्या घराचा निकाल कसा लावणार?

इथे विमानातून लेसरने सगळा देश मोजलाय. अर्ध्या मीटरच्या चौकोनाची उंची कुणीही उतरवून घेऊ शकतो, परवानगी न मागता. पोस्टाचा कोड टाकला की तुमच्या पत्त्यावर किती पाणी येऊ शकतं तेही दिसतं. एवढं असूनही २०२१च्या जुलैत, कोल्हापूर बुडालं त्याच महिन्यात, इथल्या लिम्बुर्ख प्रांतात खील नदी व्हाल्केनबुर्ख गावात शिरली आणि घरंच्या घरं नासली. नकाशा पाणी अडवत नाही. पण त्यानंतर इथे चर्चा झाली ती कुठल्या भागात किती खोल पाणी होतं आणि पुढच्या वेळी ते कुठे साठवायचं याची.

घरच्यांशी बोलताना एक आक्षेप हमखास येतो: आकडे जाहीर झाले की जागांचे भाव पडतील, बँका कर्ज देणार नाहीत. भीती खरी आहे. पण जुन्या कोल्हापूरकराला पाणी कुठवर आलं होतं हे तोंडपाठ असतं. ते माहीत नसतं बाहेरून येऊन तळमजल्याचा फ्लॅट घेणाऱ्या शिक्षकाला, भाड्याने दुकान लावणाऱ्याला. आजची गुप्तता त्याच्याच पैशावर चालते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

भरावाचा प्रश्न तर रेषेला दिसतच नाही. एकाने प्लॉटवर मुरूम टाकून जागा उचलली की त्याचं पाणी शेजाऱ्याकडे जातं. जाळीत त्या चौकोनांची उंची बदलून हिशेब पुन्हा मांडता येतो. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाबद्दल, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. भराव असताना आणि काढल्यावर चिखली-आंबेवाडीत पाणी किती इंच फरकाने उभं राहतं, हे दोन्ही बाजूंना उंचीच्या त्याच आकड्यांवर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये तपासता आलं पाहिजे.

म्हणून पुढच्या निवेदनात रेषा सरकवण्याआधी हे मागा: प्रयाग चिखलीच्या संगमापासून शिरोळपर्यंत नदीकाठाची लेसरने मोजलेली उंची, २०१९ आणि २०२१च्या पुराने भिंतींवर सोडलेल्या खुणांची मोजलेली पातळी, आणि हे दोन्ही चित्र म्हणून नव्हे तर आकड्यांच्या फाइली म्हणून, सर्वांसाठी खुले.