‘फक्त बल्ब बदला’ एवढ्यावर भागत नाही: एलईडी इंडिकेटरच्या मेसेजला उत्तर

मोटरसायकलला एलईडी इंडिकेटर लावण्याबद्दलचा एक मेसेज गाडीवाल्यांच्या ग्रुपांमधून सारखा फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: नुसता बल्ब बदलायचा, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. इंडिकेटर भराभर लुकलुकायला लागले तर उत्तमच, लोकांचं लक्ष जातं. ते नको असेल तर रेझिस्टर (जास्तीचा करंट घेऊन उष्णतेत घालवणारा भाग) लावला की झालं. बॅटरी आणि पेट्रोल वाचतं. रंग कुठलाही चालतो.

एलईडीला माझा विरोध नाही. माझ्या गाडीला चारही एलईडीच आहेत. पण पहिल्यांदा ते या मेसेजच्या पद्धतीने बसवले गेले होते. सातारा रोडवर उजवीकडे वळायचं म्हणून मी इंडिकेटर दिला आणि गाडी आत घेऊ लागलो, तर मागचा टेम्पो उजवीकडूनच पुढे गेला, माझ्या हँडलपासून हातभर अंतरावरून. पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरने मान बाहेर काढून सांगितलं, “दादा, तुमचे चारही लाइट लागतायत. मला वाटलं गाडी बंद पडली.” चूक त्याची नव्हती.

चारही का लागले, हे समजून घेतलं की पहिला दावा निकाली निघतो. बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या इंडिकेटरसाठी मिळून एकच छोटा दिवा असतो. त्याला स्वतःची अर्थिंग नसते. तो डावी वायर आणि उजवी वायर यांच्या मधोमध जोडलेला असतो. उजवा इंडिकेटर दिला की करंट या दिव्यातून पलीकडे जातो आणि डाव्या बाजूच्या बल्बांमधून अर्थ होतो. ते बल्ब 10 वॅटचे, त्यामुळे एवढ्याशा करंटने त्यांची तार लालसुद्धा होत नाही. तिथे एलईडी आले की तोच करंट त्यांना पेटायला पुरतो, आणि मागच्याला दिसतो तो धोक्याचा इशारा. यावर उपाय सोपा आहे: 1एन4007 नंबरचे दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग. डाव्या वायरवरून एक, उजव्या वायरवरून एक. डायोडवर ज्या टोकाला पट्टा छापलेला असतो ती दोन्ही टोकं एकत्र करून मीटरच्या दिव्याच्या एका बाजूला जोडायची आणि दुसरी बाजू अर्थला. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे डायोड कुठल्याही दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळतात. मीटरमध्ये दोन वेगळे बाण असतील तर सहसा याची गरज पडत नाही.

शिवाय बल्बला उलटसुलट काही नसतं, एलईडीला असतं. प्लस-मायनस उलटं झालं तर तो लागतच नाही, आणि वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. जोडण्याआधी टेस्टरने बघावं.

आता भराभर लुकलुकण्याबद्दल. या दाव्याचा मला खरंच त्रास होतो, कारण तो बिघाडालाच गुण म्हणतो. 10 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साधारण 1.7 अँपिअर घेतात. एलईडी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इंडिकेटर लुकलुकवणारा भाग म्हणजे फ्लॅशर. बऱ्याच इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरना करंट कमी झाला की एक बल्ब गेलाय असं वाटतं, आणि चालकाला ते कळावं म्हणून ते वेग वाढवतात. जुन्या गाड्यांतला गोल डबीचा, पट्टी तापून चालणारा फ्लॅशर असेल तर उलटंच होतं: पट्टी तापत नाही आणि दिवे नुसते पेटून राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 102 नुसार इंडिकेटर मिनिटाला 60 पेक्षा कमी आणि 120 पेक्षा जास्त वेळा लुकलुकायला नको. त्याच नियमात रंगही ठरलेला आहे: अंबर, म्हणजे नारिंगी-पिवळा. त्यामुळे निळ्या-पांढऱ्याचा प्रश्न तिथेच संपतो. नियमाबाहेरच्या फेरबदलाला मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

रंगाचा आणखी एक मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. इंडिकेटरची काच अंबर असेल तर आतला एलईडीही अंबरच घ्यावा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भाग बराच असतो आणि अंबर काच तो गिळून टाकते. दुकानात झगझगीत दिसलेला बल्ब मग दुपारच्या उन्हात दिसत नाही.

रेझिस्टरने लुकलुकणं सुधारतं, हे खरं. पण कसं? वाचवलेली वीज पुन्हा जाळून. 10 ओहमच्या रेझिस्टरमध्ये, चालत्या गाडीच्या 13.5 व्होल्टला, दिवा पेटलेला असताना 18 वॅट उष्णता होते. एका बाजूला असे दोन म्हणजे 36 वॅट; अर्धा वेळ बंद धरला तरी सरासरी 18. सोल्डरिंगचं लहान आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून अंदाज करा. असा रेझिस्टर टेप गुंडाळून वायरिंगमध्ये कोंबलेला मी पाहिलाय. शेजारच्या वायरचं आवरण मऊ पडलं होतं.

पेट्रोलच्या बचतीचा हिशेब छोटा आहे. दिवसभरात इंडिकेटर चालतो किती? 10 मिनिटं धरा. 20 वॅट, त्यातला अर्धा वेळ बंद, म्हणजे दीड-पावणेदोन वॅट-तास. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो. 35 वॅटचा असेल तर तेवढी वीज तो तीन मिनिटांत घेतो. एलईडीचा खरा फायदा वेगळा आहे. खड्ड्यांच्या हादऱ्याने तुटायला त्यात तार नसते, आणि तो क्षणात पूर्ण पेटतो.

मग करायचं काय? फ्लॅशर बदलायचा. एलईडीसाठीचा, करंट कितीही कमी असला तरी एकाच वेगाने चालणारा फ्लॅशर मिळतो. पिनांवर बी, एल, ई लिहिलेलं असतं: बॅटरी, लोड, अर्थ. जुन्याचा आणि नव्याचा क्रम जुळतोय का ते बघूनच लावा. जोड पिळून टेप मारण्याऐवजी बुलेट कनेक्टर (एकमेकांत घट्ट बसणारी गोल टोकं) किंवा सोल्डर वापरा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. टेपखालचा तांब्याचा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो. मग घड्याळ लावून 15 सेकंद मोजा: 15 ते 30 वेळा लुकलुकायला हवं. भर दुपारी कोणाला तरी तीसेक पावलं मागे आणि मग बाजूला उभं करून दिसतंय का विचारा.

या फ्लॅशरची एक उणीव मात्र आहे. एखादा एलईडी गेला तरी वेग बदलत नाही, म्हणजे बल्ब गेल्याची पूर्वीची सूचना मिळत नाही. मी दर रविवारी साखळीला तेल देताना दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून गाडीभोवती एक फेरी मारतो. गेल्या पावसाळ्यात मागचा डावा बंद पडलेला असाच सापडला. आत पाणी गेलं होतं.