लेफ्टर पोपेस्कू वेडा होत नाही

'दोवा लोझुरी', म्हणजे 'दोन तिकिटं', हा १९५७चा रोमानियन विनोदी चित्रपट. ग्रिगोरे वासिलिउ-बिर्लिकने त्यात लेफ्टर पोपेस्कू उभा केला. या गोष्टीबद्दल एक समज पक्का बसलाय : लॉटरी हुकल्यावर लेफ्टरला वेड लागतं, बायको मठात जोगीण होते आणि रोमानियन लेखक इयोन लुका काराजालेची मूळ कथाही अशीच संपते. कथेपुरतं हे चूक आहे.

आधी गोष्ट. लेफ्टर हा बुखारेस्टमधला कारकून. कॅप्टन मित्राच्या पैशाने तो दोन लॉटऱ्यांची दोन तिकिटं घेतो. दोन्ही नंबर लागतात, पण तिकिटं सापडत नाहीत. ती जुन्या राखाडी कोटाच्या खिशात असणार असं त्याला वाटतं, आणि तो कोट बायकोने दारावर आलेल्या रोमा (जिप्सी) बायकांना देऊन बश्या घेतलेल्या असतात. आपल्याकडच्या बोहारणीचा असतो तोच हा व्यवहार. लेफ्टर संतापून बश्या फोडतो. त्या बायकांच्या वस्तीत झडती होते, त्या पकडल्या जातात, मारही खातात. तिकिटं निघतात कुठे, तर कचेरीतल्या त्याच्याच टेबलात! तो राजीनामा देऊन मोकळा होतो आणि पेढी गाठतो. तिथे कळतं की नंबर बरोबर आहेत, फक्त उलटे : या लॉटरीचा नंबर त्या तिकिटावर, त्या लॉटरीचा या तिकिटावर.

'पण जोगीण तर कथेत आहे ना?' आहे. पुटपुटत रस्त्याने फिरणारा म्हाताराही आहे. फक्त त्या परिच्छेदाच्या आधी लेखक काय म्हणतो ते कुणी सांगत नाही. तो म्हणतो, मी जर स्वतःचा मान राखणाऱ्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या लेखकांपैकी असतो, तर कथा अशी संपवली असती. मग मठ येतो, जोगीण येते, म्हातारा येतो. आणि लगेच तो सांगतो की मी तसला लेखक नाही. पेढीवरच्या गोंधळानंतर माझ्या नायकाचं आणि त्याच्या बायकोचं काय झालं, मला ठाऊक नाही. याहून स्पष्ट कसं लिहायचं? एवढा 'जर' गाळला की लेखकाने नाकारलेला शेवट त्याच्याच माथी बसतो.

यावर दुसरा आक्षेप येतो : ही पळवाट आहे, शेवट सुचला नाही म्हणून हात झटकले. हे मला मुळीच पटत नाही. ज्याला सुचत नाही तो मठाचा तो परिच्छेद इतका बारकाईने लिहीत नाही. त्यात सगळे धागे नीट जुळलेत. जोगिणीला छंद आहे तोही फुटक्या बश्यांचे तुकडे वेचण्याचा. करुण, घडीव, टाळ्या घेणारा शेवट आपल्याला लिहिता येतो हे काराजाले दाखवतो आणि मग तो बाजूला सारतो. का सारतो? तो शेवट ठेवला असता तर लेफ्टर दैवाचा मारलेला बिचारा ठरला असता. आपण हळहळलो असतो आणि त्या मार खाल्लेल्या बायका विसरून गेलो असतो. त्यांच्याकडे तिकिटं कधी नव्हतीच. राजीनामाही दैवाने नाही लिहिला, लेफ्टरने स्वतःच्या हाताने लिहिला. शेवट काढून घेतल्यावर आपल्यापुढे उरते ती पेढी : आरडाओरडा करत स्वतःलाच मारून घेणारा माणूस आणि जमलेली बघ्यांची गर्दी.

'शेवटी नशिबाचीच गोष्ट' हेही म्हणूनच अपुरं. नंबर उलटे लागले एवढंच नशिबाचं. मधलं सगळं माणसांनी केलेलं.

राहिला चित्रपट. पडद्यावर 'जर' दाखवणं फार अवघड असतं. कॅमेऱ्याने म्हातारा दाखवला की प्रेक्षकापुरता तो म्हातारा झालाच. दिग्दर्शक गेओर्गे नागी आणि आउरेल मिहेलेश यांनी काय निवडलं याची चर्चा जरूर व्हावी, पण ती निवड त्यांची. तिचा भार काराजालेच्या कथेवर टाकू नका. कुणाला कथा सांगायची झाली तर पेढीपाशी थांबा आणि 'पुढचं मला ठाऊक नाही' हे लेखकाचं म्हणणंही सांगा. ते कथेचाच भाग आहे.