नाना आडवे झाले की पंखा बंद

लेक माहेरपणाला आली की आराम तिचा आणि पोर भरवायची पाळी माझी, असा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे. अमळनेरचा मे महिना, कुलर इमानेइतबारे गरम वारा फेकतोय, आणि मी फरशीवर उकिडवा बसून चमचा उचलतोय. अकरा महिन्यांची नात चमचा टाकते, मी उचलतो, ती माझ्याकडे निरखून बघते आणि पुन्हा टाकते.

“नाना, ती प्रयोग करतेय,” असं जावयाने पुण्याहून फोनवर सांगितलं. कुलरच्या हवेत नसलेल्या माणसाला असं बोलायला काय जातं? पण या वेळी तो थापा मारत नव्हता. 2015 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन या दोघींनी अकरा महिन्यांच्याच बाळांना हातचलाखी दाखवली. चेंडू भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसला, खेळण्यातली गाडी फळीच्या टोकापुढे जाऊनही अधांतरी राहिली. मग ती खेळणी बाळांच्या हातात दिली. चेंडूवाल्यांनी चेंडू आपटून बघितला, गाडीवाल्यांनी गाडी खाली टाकून बघितली. म्हणजे ज्या गोष्टीने चकवलं, तिचीच झडती घेतली.

ठीक आहे. पण आमच्या घरात चमचा आजवर एकदाही अधांतरी राहिलेला नाही. मग हिला शंका कसली?

“तिले चमचानं नवल नै,” सौभाग्यवती भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुमनं नवल शे. इतला मोठा माणूस परत परत उचलस कसा!”

हे मनाला लागलं. सूत्रं आपल्या हातात घ्यायचं ठरवलं. कॅरन विन या संशोधक बाईंनी 1992 साली पाच महिन्यांच्या बाळांना पडद्यामागे एक बाहुली, मग आणखी एक बाहुली जाताना दाखवली होती. पडदा काढल्यावर एकच निघाली, तर बाळं तिकडे जास्त वेळ बघत राहिली. बाहुल्या आमच्याकडे नाहीत, केळी मात्र जळगाव जिल्ह्यात मोजून कोणी ठेवत नाही. सुपामागे तिच्यादेखत एक केळं ठेवलं, दुसरं ठेवलं, एक गुपचूप काढून घेतलं आणि सूप बाजूला केलं. नात बघत राहिली खरी, पण केळ्याकडे नाही. माझ्या चघळणाऱ्या तोंडाकडे.

मेंदूत नेमकं काय चालतं, तेही लोकांनी बघितलंय. लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळांना प्रकाशाच्या मदतीने मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारी टोपी घातली. (आमच्या कन्यारत्नाच्या डोक्यावर कुंची टिकत नाही, त्यामुळे हे वाचून आधी त्या टोपीलाच नमस्कार केला.) एक ठरावीक आवाज झाला की चित्र दिसायचं. बाळांना ते सवयीचं झालं. मग मधूनमधून आवाज झाला, पण चित्र आलंच नाही. तरी मेंदूतला बघण्याचा भाग जागा झाला! डोळ्यांसमोर काहीही नसताना.

यावर मी विश्वास ठेवला नसता, पण घरात पुरावा आहे. आमच्याकडे दुपारी जेवणं आटोपून मी खाटेवर आडवा झालो की लाइट जाते. रोज. नातीने एवढं टिपून ठेवलंय की मी पाय लांब केले रे केले, ती मान वर करून पंख्याकडे बघते. पंखा थांबला की समाधानाने हुंकार देते आणि चमच्याकडे वळते.

परवा मी आडवा झालो. तिने वर बघितलं. पंखा फिरतोय. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, भुवया कपाळावर नेल्या. सौभाग्यवती पोळपाट हातात घेऊन बाहेर आल्या आणि त्याही वर बघू लागल्या. लेक झोपेतून उठून बसली. मला तर पडल्या पडल्या घाम फुटला.

तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या आप्पांचं डोकं वर आलं.

“काय हो नाना, तुमनी बी लाइट नै गयी का?”