अकरा फुटांची नळी

आज दुपारी जेवताना इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या शार्लटच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने शर्यतीच्या गाड्यांचा नामांकित मेकॅनिक स्मोकी युनिक याची गोष्ट पुन्हा मोठ्या कौतुकाने सांगितली. नॅसकार या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांत पेट्रोलच्या टाकीचे माप होते, टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे नव्हते. म्हणून या गृहस्थांनी दोन इंच जाडीची अकरा फुटी नळी बसवून तिच्यातच पाच गॅलन जादा पेट्रोल भरले म्हणे. (हिशेब केलात तर जेमतेम पावणेदोन गॅलन भरते, पण ते असो.) सगळे हसले. मला हसू आले नाही.

कारण मला माझ्या मुलाची लाकडी गाडी आठवली. स्काउटच्या मुलांच्या शर्यतीत गाडीचे वजन पाच औंसांपेक्षा जास्त चालत नाही. वजन झाल्यावर गाडी टेबलापर्यंत नेताना मी च्युइंगगमने तिच्या पोटाला एक नाणे चिकटवले. ते पाहून आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, हे चालतं?" मी म्हणालो, "सगळेच करतात."

युनिकने निदान डोके चालवले, एवढे मी मान्य करतो. पण १९८३ साली शार्लटलाच शर्यत जिंकलेल्या रिचर्ड पेटीच्या गाडीत ३५८ घनइंचांची मर्यादा असताना जवळपास ३८२ घनइंचांचे इंजिन सापडले. ३५ हजार डॉलर दंड झाला, १०४ गुण कापले, आणि विजय मात्र त्याच्याच नावावर राहिला! १९४९ मध्ये मुख्य मालिकेच्या पहिल्याच शर्यतीत मागच्या स्प्रिंगांमधल्या फेरफारामुळे ग्लेन डनवेचा विजय काढून घेणारी हीच ती संस्था. २०२२ मध्ये पोकोनोच्या शर्यतीत डेनी हॅमलिनचा विजय रद्द केला, हे खरे. पण मधल्या काळाचे काय?

आणि २०१३ ची रिचमंडची शर्यत तर मी विसरूच शकत नाही. सात फेऱ्या उरल्या असताना क्लिंट बोयरची गाडी अचानक गरकन फिरली, त्यामुळे सगळ्या गाड्यांना वेग कमी करून पुन्हा एकत्र यावे लागले, पुढे असलेल्या रायन न्यूमनच्या हातची शर्यत गेली आणि बोयरच्याच संघातला मार्टिन ट्रुएक्स अजिंक्यपदाच्या अंतिम टप्प्यात पोहोचला. त्याआधी संघाच्या रेडिओवरून बोयरला हात दुखतोय का, असे विचारले गेले होते, जणू गाडी मुद्दाम फिरवण्याची खूणच! संघाला तीन लाख डॉलर दंड झाला आणि ट्रुएक्सची जागा न्यूमनला मिळाली, तरी ती शर्यत जिंकण्याची संधी त्याला कोण परत देणार? त्या वेळी मी टीव्हीसमोर तावातावाने बोलत होतो, आणि मुलगा शांतपणे माझ्याकडे पाहत होता.

त्या लाकडी गाडीला दुसरा क्रमांक मिळाला होता. तो छोटा करंडक अजूनही गराजमध्ये, माझ्या हत्यारांच्या पेटीशेजारी आहे. मुलाने तो कधी आपल्या खोलीत नेला नाही, आणि मीही त्याला कधी विचारले नाही.