मे महिन्यातील वास्तव्याबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सादर नमस्कार.

मे महिन्यात आपण सहकुटुंब दक्षिण गोव्यातल्या आमच्या निवासात दोन रात्री राहिलात आणि घरी परतल्यावर दोन तारे देऊन सविस्तर अभिप्राय लिहिलात. आपले म्हणणे असे, की संकेतस्थळावरच्या छायाचित्रात पायरीला टेकलेले पाणी प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या चालीवर होते. ओसरीतल्या फलकावर ‘1960 च्या दशकापासून तळ्याकाठी, एकाच कुटुंबाकडे’ असे लिहिले आहे, पण साळावलीचे धरण त्यानंतर झाले असल्यामुळे हा इतिहास रचलेला आहे. जेवण फार उशिरा मिळाले. शिवाय खोलीत वातानुकूलन नव्हते आणि होडीची सोयही नव्हती.

छायाचित्राबद्दल आपण म्हणता ते पूर्णपणे बरोबर आहे. ते ऑगस्टमधले आहे. आमच्यासमोर आहे ते नैसर्गिक तळे नसून साळावली धरणाचा जलाशय आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि बदकाच्या चोचीसारख्या घडणीच्या गोल सांडव्यावरून पाणी ओसंडू लागते. नंतरचे आठ-नऊ महिने दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी आणि शेतीचे पाणी त्यातूनच जात राहते, त्यामुळे मे महिन्यात काठ आमच्या घरापासून दूर सरकतो. हे आम्हाला इतके अंगवळणी पडले आहे, की पाहुण्याला ते आधी सांगावे लागते याचा विसर पडला. या आठवड्यापासून संकेतस्थळावर मे आणि ऑगस्टमधली दोन्ही छायाचित्रे महिन्यांच्या नावांसह शेजारी शेजारी दिसतील.

फलकाच्या बाबतीतही आपला हिशोब चुकलेला नाही. वाक्य माझ्या धाकट्या भावाने लिहिले आणि मी न तपासता रंगाऱ्याकडे दिले. दोन खऱ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्यामुळे तिसरी खोटी तयार झाली. इतिहास रचलेला आहे हा आरोप मात्र मला मान्य नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोवामुक्तीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या आजोबांची खाणावळ कुर्डी गावात, म्हणजे आज या जलाशयाखाली असलेल्या गावात होती. शीत-कडी, सुके नुस्ते (मासे), सोमवारी खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), आणि परगावच्या माणसाला रात्री सोप्यावर चटई एवढाच तो व्यवसाय होता. ‘हॉटेल’ हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर गावात येऊन धरणाची गरज समजावून गेले. पुढे मोजणीसाठी आलेले सरकारी लोकही आमच्याच सोप्यावर जेवत असत, आणि ज्यांच्या फितीने आपले घर पाण्याखाली जाणार होते त्यांना आजोबांनी एकदाही शिळे वाढले नाही, असे वडील अजून सांगतात (आजी मात्र त्यावर गप्प बसत असे). सुमारे तीन हजार वस्तीचे हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचे ते गाव उठले आणि बहुतेक कुटुंबे वाडे व वालकिणी येथे वसवली गेली. कदंबकालीन महादेवाचे देऊळ दगड-दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. घरांना तो मान मिळण्याचे कारण नव्हते.

पाणी ओसरले की मे महिन्यात कुर्डीची जमीन उघडी पडते. त्या दिवसांत जुने गावकरी लांबून येतात, सोमेश्वराच्या देवळाचा उत्सव होतो आणि ख्रिस्ती मंडळी आपल्या कपेलाचे (छोट्या चर्चचे) फेस्त करतात. या माणसांना रात्री टेकायला जागा नसे, म्हणून वडिलांनी काठावरच्या या घराला प्रथम दोन खोल्या काढल्या. आपण उतरला होता ती त्यांतलीच एक. म्हणजे आमचा हंगाम उन्हाळ्याचा झाला तोच मुळी पाणी दूर जाते म्हणून. भरलेला जलाशय पाहायला येणारे पर्यटक बऱ्याच वर्षांनी आले, आणि छायाचित्र निवडताना आम्ही त्यांचाच विचार केला.

वडील दरवर्षी एकदा खाली जातात. चिऱ्याचे जोते, तडकलेल्या चिखलात माडांची काळी खोडे आणि स्वयंपाकघराच्या जागी जमिनीत पुरलेला वाटणाचा दगडी रगडा एवढेच तिथे उरले आहे. रगड्याच्या खळग्यात सुकलेला गाळ असतो. तो ते बोटांनी खरवडून काढतात, बाटलीतले पाणी ओतून दगड धुतात आणि परत येतात. पाहुणे बहुधा गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे घर कुठे होते एवढेच विचारतात. ते जोतेही आम्ही दाखवतो.

जेवण त्या दुपारी सव्वादोनला आले, कारण उत्सवाहून परतलेल्या चाळीस माणसांची पाने एकदम पडली. आपल्याआधी त्यांना वाढले गेले हे खरे आहे आणि आपल्याला त्याची कल्पना न देणे ही आमची चूक होती. त्या दिवसाच्या जेवणाचे पैसे आपल्याला परत पाठवले आहेत. खोलीत वातानुकूलन नसल्याचे आरक्षणाच्या पानावर स्पष्ट लिहिलेले आहे, आणि होडी आम्ही पिण्याच्या पाण्यात घालत नाही. या दोन्ही गोष्टींत बदल होणार नाही.

नवा फलक रंगाऱ्याकडे दिला आहे. त्यावर ‘1960 च्या दशकापासून खाणावळ, कुर्डी, धरणानंतर साळावली जलाशयाकाठी’ असे असेल. पुन्हा मे महिन्यात येणे झाले आणि कुर्डी पाहायची असेल, तर आदल्या रात्री सांगून ठेवावे. सकाळी साडेसहाला निघावे लागते, कारण ऊन चढल्यावर खाली सावलीला एकही झाड नाही.

आपला,
व्यवस्थापक, कुटुंबाच्या वतीने