वेलीचा रस नव्हे मामा, गलत्याचा रंधा

गेल्या आठवड्यात आमच्या मामांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेलच, मला चार ठिकाणांहून आला. सोबत नंदुरबारकडच्या एका जुन्या वाड्याच्या दाराचा फोटो. सागवानी चौकट, तिच्या कडेने वरपासून खालपर्यंत तीन गोलसर रेघा आणि त्यांच्या मध्ये दोन खाचा. खाली मजकूर असा: सातपुड्यात एक वेल होती, तिचा रस लावला की सागवान लोण्यासारखं मऊ व्हायचं. नाहीतर मशीन नसताना इतकी सरळ नक्षी निघेलच कशी? एका चौकटीला वर्ष लागायचं. खाच पाडायची मशीन जगात आली तीच मुळी चाळीस वर्षांपूर्वी. आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, हे ज्ञान परक्यांनी पळवलं.

आमचे आजोबा चोपड्याकडच्या एका गावात सुतारकी करायचे. त्यांची पेटी माझ्याकडे आहे, म्हणून गप्प बसवेना.

आधी तो रस. लाकूड मऊ पडलं की काम सोपं होत नाही, उलट नासतं. भिजलेलं लाकूड पात्यापुढे दबतं, त्याचे तंतू कापले न जाता उपटून येतात आणि वाळल्यावर खाचेचं माप बदलतं ते वेगळंच. आणि मुळात सागवान एवढं कठीण आहे कुठे? आपल्याच खान्देशातलं अंजनाचं लाकूड त्याहून किती तरी टणक. सागाची खोड निराळी आहे. त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, त्यामुळे हत्याराची धार लवकर मरते. आजोबा रंधा मारताना कमी आणि दगडावर पातं घासतानाच जास्त दिसायचे. त्यावर उपाय करणारी वेल सापडली तर मलाही कळवा.

आता मुख्य मुद्दा: ‘हाताने इतकी सरळ रेघ निघत नाही.’ हे अगदी खरं आहे. हाताने निघतच नाही, रंध्याने निघते.

पेटीतला गलत्याचा रंधा आत्ता माझ्यासमोर आहे. गलता म्हणजे चौकटीच्या कडेची ती गोलसर रेघ. वीतभर लांब, दोन बोटं जाड, बाभळीचा. तळ सपाट नाही. चौकटीवर जो गोल उठवायचा त्याच्या उलट, पन्हाळीसारखा पोकळ. पातं एका जुन्या कानशीचं, तळाच्या पोकळीशी जुळवून घासलेलं आणि पाचर ठोकून आवळलेलं. एका बाजूला तळाखाली उतरलेली एक पट्टी आहे. ती लाकडाच्या कडेला घासत जाते, त्यामुळे रंधा आत सरकत नाही. दुसऱ्या बाजूला खांदा. हवी तेवढी खोली झाली की तो लाकडावर टेकतो आणि पातं कापायचंच थांबतं. म्हणजे आकार, दिशा आणि खोली ही तिन्ही रंध्यातच बांधलेली. सुताराने जोर लावायचा आणि पट्टी कडेला दाबून धरायची. ती पट्टी जिथे आजोबांची बोटं टेकायची तिथे झिजून खळगी पडली आहे, माझं बोट तिच्यात बरोबर बसतं.

यातही एक खुबी आहे, जी मला लहानपणी उलटी वाटायची. आजोबा काम आपल्याजवळच्या टोकापासून सुरू करत नसत. पार पुढच्या टोकाला जाऊन हातभर अंतरात चार-पाच फटके मारायचे, मग एक पाऊल मागे, परत चार-पाच फटके. असा प्रत्येक फटका आधीच पडलेल्या वाटेत जाऊन संपतो आणि ती वाटच रंध्याला सांभाळते. सगळ्यात शेवटी टोकापासून टोकापर्यंत एका दमात रंधा न्यायचा. मी एकदा जवळून सुरुवात केली. रंधा भरकटला आणि लाकूड वाया गेलं. आजोबा रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘पुढला भाग आधी कर, भो.’

हे काही आपल्याच सुतारांचं गुपित नव्हतं. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेई शहरात लोखंडी तळाचे रंधे मिळालेत. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी जहाजावर सुतारांच्या सामानात रंधे होते. पुढे इंग्लंडमध्ये गोल आणि पोकळ तळाच्या रंध्यांचा पूर्ण संच १८ जोड्यांचा, म्हणजे ३६ रंध्यांचा असायचा. खाचेसाठी वेगळा रंधा, सरकत्या पट्टीचा आणि निरनिराळ्या रुंदीची पाती बदलता येणारा.

एका चौकटीला वर्ष? हिशेब करू. गलता पाव इंच खोल, म्हणजे सहा मिलिमीटर. एका फटक्यात पाव मिलिमीटर निघालं तरी चोवीस फटक्यांत खोली पूर्ण. तुकड्या-तुकड्याने जाताना हे वाढतं, धार लावायला उठावं लागतं, हे सगळं धरलं तरी हिशेब तासांचा आहे. वर्षाची गोष्ट बहुधा गणेशपट्टी आणि वेलबुट्टीच्या गोंधळातून आली असावी. तो कोरीव भाग पटाशीचा, म्हणजे ठोकून कोरायच्या धारदार पात्याचा, आणि तिथे वेळ लागतोच. जे सरळ धावतं ते रंध्याचं, जे वळतं ते पटाशीचं.

चाळीस वर्षांपूर्वीची मशीन? सॅम्युअल बेंथम या इंग्रज अभियंत्याने १७९३ मध्ये फिरत्या पात्यांनी लाकूडकाम करायचं पेटंट घेतलं, तेही कैद्यांकडून काम करून घेता यावं या हिशेबाने. १८८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीचा ४५ नंबरचा लोखंडी रंधा आला, पाती बदलून खाचाही पाडणारा आणि गलतेही. १८९७ चा ५५ नंबर तर पन्नासच्या वर पाती घेऊन आला. विजेवरचा हातात धरायचा रूटर, म्हणजे फिरत्या पात्याने खाचा आणि गलते पाडायची मशीन, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आर. एल. कार्टर यांनी बनवला आणि १९२९ मध्ये स्टॅन्लीने तो धंदा विकत घेतला. रूटर हे नाव तर विजेच्याही आधीचं. खाचेचा तळ साफ करायच्या हाताच्या रंध्याला इंग्रज सुतार ते म्हणायचे, आणि त्याचं लाडाचं नाव होतं ‘म्हातारीचा दात’.

मेसेजमध्ये खाचेला नक्षी म्हटलंय ते मात्र मला जास्त खटकलं. दाराच्या चौकोनातली फळी खाचेत मोकळी बसवतात, चिकटवत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा ती आकसते, श्रावणात फुगते. खाचेत तिला हलायला जागा असते, म्हणून ती फाटत नाही. माझ्या मावशीच्या घरी एका ठेकेदाराने मशीनवर झकास खाचा पाडल्या आणि फळ्या फेव्हिकॉल भरून पक्क्या केल्या. पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध बोट जाईल एवढी चीर. मावशीने मशीनला नावं ठेवली, पण मशीनले काय समजस?

राहिलं ज्ञान पळवलं जाणं. आजच्या ट्रिमरच्या, म्हणजे छोट्या रूटरच्या, बिटाला (फिरत्या पात्याला) खाली छोटं बेअरिंग असतं. मिनिटाला तीस हजार फेऱ्या घेणाऱ्या त्या बिटाला ते कडेला धरून चालवतं, म्हणजे आजोबांच्या रंध्याची ती पट्टीच. पळवायला कुणी आलं नव्हतं. रंधे माळ्यावर टाकले ते आपणच, आमच्या घरी तर मीच.

आणि मामा, तुमच्याकडे दार असेल तर रात्री बॅटरी चौकटीला चिकटवून तिरपा उजेड टाका. रूटरचं काम असेल तर रेघेला आडव्या बारीक लाटा दिसतील, रंध्याचं असेल तर लांबच लांब उभे ओरखडे. तुमच्या त्या फोटोतच मोठं करून पाहिलं तर उभे ओरखडे आहेत. उजव्या खांबावर, कडीच्या जरा वर, मधली रेघ सुपारीएवढी बाहेर गेली आहे आणि कुणीतरी ती पटाशीने सावरून घेतली आहे.